वारा समोरून आला तर

व्यापारी वाऱ्यांवर माझी हुकमत आहे. ही बढाई नव्हे. नाशिकच्या एकाच शाळेत सव्वीस वर्षं भूगोल शिकवल्यावर एवढं व्हायलाच हवं. मी वर्गात पाऊल टाकलं की ईशान्य व्यापारी वारे ईशान्येकडून वाहायला लागतात आणि मी पुरे म्हणेपर्यंत वाहत राहतात. "पूर्वी शिडाची जहाजे या वाऱ्यांच्या साहाय्याने प्रवास करीत, म्हणून त्यांना व्यापारी वारे असे म्हणतात," हे वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणतो, असं मोहिनी सांगते. मोहिनी म्हणजे माझी बायको. ती आणखीही पुष्कळ काही सांगते, ते ओघात येईलच.

तर नव्व्याण्णव सालचा जानेवारी, नववी ब, जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास. हे वाक्य नुकतंच फळ्याकडे तोंड करून म्हणून झालं होतं. तिसऱ्या बाकावरून तबस्सुम शेख उभी राहिली.

"सर, मागून वारा आला तर जहाज पुढे जाणार, ते कळलं. पण त्या व्यापाऱ्याला परत घरी यायचं असेल, आणि वारा समोरून आला तर?"

आता बघा, सव्वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. व्यापारी एकदा निघाला की तो परत येतो की तिकडेच राहतो, याचं आमच्या मुलांना काही सोयरसुतक नसतं. मलाही कधी पडलं नव्हतं. मी खडू हातात फिरवला, खिडकीबाहेर पाहिलं, आणि एका शिक्षकाला शोभेल अशा भारदस्त आवाजात म्हणालो, "हे परीक्षेला येणार नाही. खाली बस."

वर्ग हसला. ती खाली बसली. मी फळ्यावर विषुववृत्त जरा जास्तच दाबून काढलं.

झालं ते एवढंच. पण त्या दिवसापासून तबस्सुमचा हात वर झाला नाही. आधी ही पोरगी तासाला तीन प्रश्न विचारायची. ब्रह्मगिरीवर पडलेला पाऊस समुद्रापर्यंत पोचायला किती दिवस लागतात? नकाशात उत्तर वरच का? चंद्रावर दिशा असतात का? स्टाफरूममध्ये मी कपाळाला हात लावून म्हणायचो, "ही मला रिटायर व्हायच्या आत संपवणार." आणि आता ती फक्त "हजर सर" म्हणायची. तासाच्या शेवटी मी मुद्दाम तिच्याकडे बघून "कुणाला काही शंका?" असं विचारायला लागलो. ती वहीत बघायची. आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले. खरं सांगतो, मला करमेना. एका मुलीचं कुतूहल मी चार शब्दांत बंद केलं होतं, आणि तेसुद्धा मला येत नव्हतं म्हणून.

शाळेच्या ग्रंथालयातली जहाजांची दोन्ही पुस्तकं चाळली. एकात युद्धनौका होत्या, दुसऱ्याला मधली पानं नव्हती. विज्ञानाच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "वल्ही मारत असतील." तेवढ्यात पेपरात एक जाहिरात आली. मुंबईत शिडाच्या बोटींचं प्रदर्शन, फेब्रुवारीचा दुसरा शुक्रवार, शनिवार, रविवार. प्रवेश पूर्वनोंदणीने.

मी ठरवलं, जायचं. बोटी डोळ्यांनी बघायच्या, वारा समोरून आला तर काय करतात ते विचारायचं, आणि सोमवारी नववी ब मध्ये उत्तर द्यायचं. इतका साधा बेत. साधा बेत माझ्या हाती आला की त्याचं काय होतं, हे मोहिनीला लग्नापासून माहीत आहे, म्हणून ती तेव्हाच म्हणाली होती, "अहो, कुणाला सांगू मात्र नका."

मी कुणालाच सांगितलं नाही. पोस्टाने सांगितलं. नोंदणीसाठी मी मुंबईला पत्र टाकलं, आणि त्यांनी एक गुळगुळीत कागदाचा फॉर्म पाठवला, तोही रजिस्टरने. मी शाळेत, मोहिनी भाजीला, त्यामुळे सही करून पाकीट घेतलं ते समोरच्या मंगलाबाईंनी. पाकिटावर निळ्या समुद्रात पांढऱ्या शिडाची बोट छापलेली. मंगलाबाईंनी पाकीट फोडलं नाही, उगाच कुणावर आळ नको. त्यांनी ते फक्त तिन्ही मजल्यांवर दाखवलं.

संध्याकाळी मी सायकल लावतोय तोवर तळमजल्यावरून आवाज आला, "काय गायधनी सर, बोट घेताय म्हणे!"

"बघायला जातोय," मी म्हणालो.

"आम्हीपण फ्लॅट बघायलाच गेलो होतो," मंगलाबाई वरून म्हणाल्या. "बघता बघताच घेतला."

आणि त्या फॉर्मने तर कहरच केला. आपल्या सध्याच्या बोटीची लांबी किती? बोट कुठे उभी करता? पुढची बोट केव्हा घेण्याचा विचार आहे: या वर्षी, पुढच्या वर्षी, की नंतर कधीतरी? मी खोटं लिहीत नाही. लांबीपुढे 'नाही' लिहिलं, आणि शेवटच्या प्रश्नात 'नंतर कधीतरी' वर खूण केली. माणसाने पुढचं काय सांगावं? पण ती खूण करताना मोहिनी मागे उभी होती.

"कधीतरी म्हणजे?" ती म्हणाली. "मी वॉशिंग मशीनचं विचारलं तेव्हापण तुम्ही कधीतरीच म्हणाला होतात."

चार दिवसांनी आमच्या दारावर सोसायटीची नोटीस. आमचे सेक्रेटरी मल्हारराव सानप, लष्करातून निवृत्त. त्यांच्याकडे कुठलाही विषय आला की आधी त्याला क्रमांक पडतो. नोटीस क्रमांक चौदा: सभासदांनी सोसायटीच्या आवारात बोट, होडी, तराफा अथवा तत्सम जलवाहन उभे करू नये, पाण्याच्या टाकीत तर अजिबात नाही. खाली लाल शाईने, 'व्यक्तीचे नाव मुद्दाम दिलेले नाही.' नाव दिलं नव्हतं, पण ती नोटीस सगळ्या इमारतीत फक्त माझ्याच दारावर चिकटवली होती.

मी तणतणत खाली गेलो. सानप झाडांना पाणी घालत होते. मी म्हणालो, "अहो, मी पंधरा हजारांची स्कूटर घेतली नाही, बोट कशी घेईन?" ते शांतपणे म्हणाले, "म्हणूनच संशय येतो. एवढे दिवस साठवताय कशासाठी?"

सल्ले तर विचारूच नका. कुणी म्हणे गंगापूर धरणावर ठेवा, कुणी म्हणे कुंभमेळ्याला भाड्याने द्या. शाळेचा शिपाई सहादू हळूच म्हणाला, "सर, बोट लय मोठी हाय का? माझ्या मेव्हण्याला गोदावरीवर काहीतरी धंदा करायचा हाय." मी त्याला समजावून सांगितलं की मी बोट घेत नाहीये, मला फक्त बघायची आहे. तो विचारात पडला. "नुसती बघायला मुंबईला?" असं म्हणून त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की बोट घेणं परवडलं असतं.

आता रजेचं सांगतो. मला शुक्रवारी जायचं होतं. पहिल्या दिवशी माल ताजा असतो, अशी माझी समजूत. ती भाजीबाजाराची आहे हे मला तेव्हा सुचलं नाही. किरकोळ रजेच्या अर्जात मी कारण लिहिलं, 'शिडाच्या बोटींचे प्रदर्शन पाहणे'. आमच्या मुख्याध्यापिका आहेर मॅडम, सटाण्याकडच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"सर, 'घरगुती कारण' लिहा ना. सगळे तेच लिहितात."

"पण हे घरगुती नाही, मॅडम. हे नववी ब चं आहे." आणि मग मी त्यांना सगळं सांगून टाकलं. तबस्सुमचा प्रश्न, माझं उत्तर, आणि बंद झालेला हात.

मॅडमनी अर्ज बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "मग ही शैक्षणिक भेट झाली. रजा कशाला? रीतसर परवानगी काढा."

रीतसर! या शब्दावर माझी श्रद्धा आहे. मी परवानगी काढायला एका कार्यालयात गेलो. कुठल्या ते सांगत नाही, नोकरी अजून पुरी व्हायची आहे. तिथल्या टेबलामागच्या गृहस्थांनी अर्ज उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि विचारलं, "विद्यार्थिसंख्या?"

तोवर विद्यार्थी नेण्याचा विचारच नव्हता. पण आदल्या रात्री जेवताना मोहिनी म्हणाली होती, "अहो, प्रश्न त्या पोरीचा, आणि बघायला तुम्ही एकटेच जाणार? तिला न्या की." माझ्या बायकोला भूगोल येत नाही, पण रस्ता बरोबर कळतो. म्हणून मी म्हणालो, "एक."

"सहलीला किमान वीस लागतात."

"सहल नाही, भेट आहे."

"मग भेटीचा नमुना वेगळा. आणि पाण्याच्या ठिकाणी विद्यार्थी न्यायला बंदी आहे. तिथे पाणी आहे का?"

"बोटींचं प्रदर्शन आहे, साहेब."

"तेच विचारतोय. बोटी पाण्यात असतील का?"

आता मला काय माहीत? पण साहेब म्हणाले, बोटी पाण्यात नसल्याचं हमीपत्र द्या. मी दिलं. मी, एक सज्ञान भूगोल शिक्षक, सहीनिशी लिहून दिलं की सदर प्रदर्शनातील कोणतीही बोट पाण्यात राहणार नाही, याची संपूर्ण जबाबदारी माझी राहील. नऊ दिवस ते प्रकरण या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. दहाव्या दिवशी मी दमून आहेर मॅडमच्या खोलीत जाऊन बसलो. त्यांनी चहा मागवला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "गायधनी सर, प्रदर्शन रविवारीपण आहे ना? रविवारी शाळेला सुट्टी असते."

मी चहा प्यायलो.

राहिला प्रश्न तबस्सुमच्या घरचा. तिचे वडील निसारभाई यांचं मुंबई-आग्रा रोडवर ताडपत्रीचं दुकान. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, त्यात डांबराच्या वासाचे कापडाचे ढीग, आणि त्या ढिगांत मांडी घालून दाभणाने शिवत बसलेले निसारभाई. चांदवड, लासलगावकडचे कांद्याचे ट्रक त्यांच्याकडे येतात. मी गेलो तसे ते गडबडून उठले, हात पुसत म्हणाले, "सर, तुम्ही? पोरीने काय केलं?"

"तिने काही केलं नाही," मी म्हणालो. केलं होतं ते मी, पण तेवढं धैर्य त्या दिवशी झालं नाही. मी नुसतं प्रदर्शनाचं सांगितलं.

"जाऊ द्या की सर, चांगलंच हाय." मग त्यांनी जरा संकोचून मान खाजवली. "पण तिची अम्मी एकटीला नाय सोडणार. राग मानू नका. मी येतो ना बरोबर. मुंबईचं कापडपण बघीन."

मी राग कशाला मानू? निसारभाई येणार म्हटल्यावर मोहिनी म्हणाली, पोरगी आहे, मग मीपण येते. असे आम्ही चार झालो.

रविवारी सकाळी महामार्ग स्टँडवर मोहिनीला पाहून मी चाटच पडलो. तिने येवल्याची पैठणी नेसली होती, लग्नातली, मोरपिशी. "फॉर्मवरच्या फोटोत सगळे सुटाबुटात होते," ती म्हणाली. "तुमची लाज नको जायला." शिवाय तिच्याकडे पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि तीन किलो द्राक्षं. नाशिकचा माणूस फेब्रुवारीत द्राक्षांशिवाय परगावी गेला तर त्याला लोक नाशिकचा मानत नाहीत. तबस्सुम वडिलांच्या मागे उभी होती. "गुड मॉर्निंग सर," म्हणाली आणि बसमध्ये खिडकीशी जाऊन बसली.

बस इगतपुरीपर्यंत छान गेली. मग कसारा घाटाच्या तोंडाशी तिने एक मोठा उसासा टाकला आणि थांबली. कंडक्टर खाली उतरला, वर चढला, म्हणाला, "दुसरी गाडी येईल." केव्हा? तर येईल. घड्याळात नऊ वाजून गेले होते. प्रदर्शन चारला बंद. मी रस्त्याच्या कडेला फेऱ्या घालायला लागलो. माझा अर्ज, माझं हमीपत्र, सोसायटीची नोटीस, सगळं सोसून आपण घाटात अडकायचं? मोहिनी म्हणाली, "फेऱ्या घालून गाडी येत नसते. पुरी खा."

निसारभाई मात्र येणाऱ्या ट्रककडे निरखून बघत होते. एकाएकी ते रस्त्याच्या मधोमध जाऊन हात हलवायला लागले. ट्रक कचकन थांबला.

"ओळखीचा आहे?" मी विचारलं.

"माणूस नाय ओळखीचा. ताडपत्री माझी हाय. कोपऱ्याला लाल दोऱ्याची तिहेरी शिलाई दिसली? नाशकात दुसरं कुणी तशी घालत नाय."

ट्रकवाला पुंजा, चांदवडचा, कांदा घेऊन वाशीला निघालेला. निसारभाईंनी नाव सांगताच तो खाली उतरून त्यांच्या पाया पडायचा बाकी राहिला. गेल्या पावसात त्या ताडपत्रीने त्याचा भरलेला ट्रक वाचवला होता. मोहिनी आणि तबस्सुम केबिनमध्ये बसल्या. मी आणि निसारभाई मागे, ताडपत्रीचं एक टोक वर करून, कांद्याच्या गोण्यांवर. एक ज्येष्ठ शिक्षक कांद्यांवर बसून घाट उतरतोय हे कुणा माजी विद्यार्थ्याने पाहू नये, एवढीच माझी प्रार्थना होती. ती फळली नाही. खर्डीला चहाच्या टपरीवरून एकजण ओरडला, "नमस्कार गायधनी सर!"

शहापूरच्या पुढे निसारभाई बोलायला लागले. "सर, पोरगी घरात लय बोलती. दाभणाला तिरकं टोक कशाला, डांबर का लावता, सारखं विचारती. मला नाय सांगता येत, मी चौथी शिकलेलो. मी म्हणायचो, शाळेत विचार बाई, तिथं सर हायत. आता म्हणती, शाळेत नाय विचारत."

"का म्हणाली?" माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"म्हणती, विचारलं की सरांना त्रास होतो."

"कुठल्या सरांना?"

"नाव नाय सांगितलं," निसारभाई म्हणाले, आणि ताडपत्रीची एक सुटलेली दोरी आवळत बसले. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, ते मी आजही सांगू शकत नाही. ठाऊक असेल तर त्या माणसाइतका सभ्य माणूस मी पाहिला नाही. कांदे गोण्यांत होते, सोललेले नव्हते, तरी माझे डोळे चुरचुरले.

ठाण्याला उतरून टॅक्सीने प्रदर्शनाच्या मैदानावर पोचलो तेव्हा एक वाजला होता. माझ्या केसांत कांद्याची टरफलं होती. दारावरच्या माणसाने आम्हा दोघा पुरुषांना हाताने थांबवलं, मोहिनीच्या पैठणीकडे पाहिलं, आणि "या मॅडम" म्हणून कमरेत वाकला. आम्ही तिच्यामागून आत गेलो.

आत काय होतं सांगू? एक प्रचंड मांडव. त्यात चकचकीत बोटी, सगळ्या लाकडी टेकूंवर चढवलेल्या. पाण्याचा थेंब नाही. माझं हमीपत्र शब्दशः खरं ठरलं होतं. पण शिडंही नव्हती! मांडवाचं छत बुटकं, म्हणून डोलकाठ्या उतरवून आडव्या ठेवलेल्या, आणि शिडं गुंडाळून पिशव्यांत भरलेली. म्हणजे शिडाच्या बोटींच्या प्रदर्शनात शीड सोडून सगळं होतं. मी तबस्सुमकडे पाहिलं. ती गप्पच होती.

मी टाय लावलेल्या एका तरुणाला गाठलं. किमतींचा कागद पुढे करत तो म्हणाला, "येस सर, फर्स्ट बोट?"

"मला एकच विचारायचं आहे," मी म्हणालो. "वारा समोरून आला तर ही पुढे कशी जाते?"

तो प्रसन्न हसला. "नो टेन्शन सर. इसमें इंजिन है."

सव्वीस वर्षं मी ज्या जहाजांवर व्यापारी पाठवले, त्यांना इंजिन! मी आणखी तिघांना विचारलं. एकाने किंमत सांगितली, एकाने हप्ते सांगितले, एकाने विचारलं की तुम्ही बोट बांधता कुठे, आणि मोहिनी म्हणाली, "सोसायटीत नाही, नोटीस आली आहे." मी एका कठड्यावर बसलो. हरलो होतो. सोमवारी वर्गात काय सांगणार होतो, इंजिन आहे?

"अहो, निसारभाई कुठे आहेत?" मोहिनीने विचारलं.

निसारभाई अगदी टोकाच्या एका स्टॉलवर होते. तिथे एक पांढरं शीड जमिनीवर पसरलं होतं, आणि ते उकिडवे बसून त्याची शिवण नखाने चाचपत होते. समोर एक म्हातारे गृहस्थ, मयेकर, मालवणचे, शिडं शिवणारे.

"काका, हे बिघडलंय," निसारभाई म्हणत होते. "कापड सपाट बसत नाय. मधे पोट सुटलंय. अशी ताडपत्री मी दिली तर ट्रकवाला मला मारील."

मयेकर चिडले नाहीत. त्यांचा चेहरा उजळला. "सकाळपासून दोन हजार माणूस गेला, कुणी शिवण बघितली नाही. पोट मी मुद्दाम सोडलंय. ताडपत्रीने वारा अडवायचा असतो. शिडाने वारा अडवायचा नसतो, वळवायचा असतो."

मी उठून धावतच गेलो आणि माझा प्रश्न टाकला. मयेकर म्हणाले, "अगदी नाकासमोर वारा असला तर कुठलीच बोट जात नाही. ती तिरकी जाते. थोडी डावीकडे, मग वळून थोडी उजवीकडे, असं करत करत पुढे सरकते. वारा या पोटावरून वळतो आणि शिडाला बाजूला ओढतो. बोट बाजूला जायला बघते, पण खाली पाण्यात बोटीच्या तळाला फळीसारखं पातं असतं, ते जाऊ देत नाही. मग दोघांच्या कात्रीत सापडलेल्या बोटीने जावं कुठे?" त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मोहिनीच्या पिशवीतून द्राक्षांचा घड डोकावत होता. त्यांनी एक द्राक्ष घेतलं, आपल्या पेल्यातल्या पाण्यात बुडवलं, आणि दोन बोटांत धरलं. "हे बोट वारा. हे बोट पाणी. आता दाबतो."

द्राक्ष सुळकन निसटून पुढे उडालं ते थेट आमच्यामागे किमतींचा कागद घेऊन आलेल्या इंजिनवाल्या तरुणाच्या टायवर.

"ओ, आय सी!" मोहिनी म्हणाली. हे तिचं इंग्रजी फार मोठ्या प्रसंगी बाहेर येतं. निसारभाई पुढचा अर्धा तास मयेकरांकडून पोट कसं सोडायचं ते शिकले, आणि कोपऱ्याची तिहेरी शिलाई कशी घालायची ते त्यांनी मयेकरांना शिकवलं. तबस्सुमने दोन द्राक्षं दाबून पाहिली. मी आशेने विचारलं, "कळलं?" ती म्हणाली, "हो सर." बास. परतीच्या बसमध्ये ती वडिलांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मोहिनी हळूच म्हणाली, "उत्तर मिळालं ना? मग तोंड का पाडलंय?" मी म्हणालो, "मला उत्तर नको होतं गं. मला तिचा प्रश्न परत हवाय." तिने माझा हात धरला आणि केसांतलं एक कांद्याचं टरफल काढलं.

सोमवारी नववी ब. मी खडू घेतला, पण फळ्याकडे वळलो नाही. मी म्हणालो, "गेल्या महिन्यात तबस्सुमने एक प्रश्न विचारला. मी म्हणालो, परीक्षेला येणार नाही. ते काही खरं कारण नव्हतं. मला उत्तर येत नव्हतं. चूक माझी होती." सव्वीस वर्षांची इभ्रत एका वाक्यात गेली, आणि आश्चर्य म्हणजे छत कोसळलं नाही. मग मी फळ्यावर बोट काढली, शीड काढलं, पातं काढलं, वाऱ्याचा बाण काढला. बाण उलटा आला. पुसला, परत काढला. तिरकी वाट काढली, डावीकडे, उजवीकडे. शेवटी हात झटकून विचारलं, "काही शंका?"

कुणी हललं नाही. मी मनाशी म्हटलं, झालं, गेलं ते गेलं. आणि मी डस्टर उचलला.

"सर."

तिसऱ्या बाकावर हात वर होता.

"सर, वारा बोटीला नुसता ढकलत नाही, ओढतो. मग बोट वाऱ्यापेक्षा जास्त जोरात पळू शकेल का?"

मी डस्टर खाली ठेवला. मी विचार केला, खरोखर केला, आणि मग सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणालो, "बाळ, मला माहीत नाही."

ती खाली बसली नाही. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग सर, आता आपण कुणाकडे जायचं?"

"बघू या," मी म्हणालो. "आधी वहीत लिहून ठेव."

ती लिहायला लागली. तिच्या मागच्या बाकावर आणखी दोन हात वर आले होते.